आपला ईमेल आयडी येथे लिहावा

ईमेलचे पत्ते गोळा करणारे पान, म्हणजे लँडिंग पेज, बनवायला बसण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. आपल्याला पत्ते हवे आहेत, वाचक नकोत. वाचक ही कटकटीची जात आहे. तो वाचतो, मग त्याला मत होते, मग तो ते कळवतो. पत्ता असले काही करत नाही. तो एक्सेलच्या रकान्यात मुकाट बसून राहतो, महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये त्याची बेरीज पडद्यावर दाखवता येते, आणि बेरजेशेजारी वर जाणारा हिरवा बाण काढला की साहेब सगळ्यांना चहा मागवतात.

उदाहरणासाठी एक गिऱ्हाईक गृहीत धरू. देवगडचा हापूस बागेतून थेट घरपोच देणारी वेबसाइट. बाग काकांची, वेबसाइट पुतण्याची, ऑफिस ठाण्याला. आंब्याचा हंगाम मार्चअखेरीपासून जेमतेम जूनच्या तोंडापर्यंत. ईमेलचा हंगाम बारमाही. उरलेले नऊ महिने लोकांना काय लिहायचे, असा प्रश्न मीटिंगमध्ये निघालाच, तर 'कंटेंटचं नंतर बघू' म्हणून पुढची स्लाइड लावावी. असा प्रश्न विचारणारा बहुधा नव्याने लागलेला असतो. दोन-तीन महिन्यांत तो विचारेनासा होतो.

लँडिंग पेजवर मेनू ठेवू नये, असे या विषयावरची सगळी पुस्तके सांगतात. ज्या पानावर माणसाने एकच काम करायचे आहे, तिथे 'आमच्याविषयी', 'गॅलरी', 'बागेला भेट' अशी दारे उघडी ठेवली तर तो नक्की बागेत जाऊन बसेल. आपण पुस्तकांच्या एक पाऊल पुढे जावे. ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबले असता हेच पान पुन्हा उघडेल, अशी सोय कोणताही बऱ्यापैकी डेव्हलपर करून देतो.

मथळा मोठा आणि पोकळ असावा. 'चवीच्या प्रवासात सामील व्हा' चांगला. 'आमच्या परिवाराचा भाग बना' त्याहून चांगला, कारण मराठी माणसाला परिवारातून बाहेर पडणे अवघड जाते. काय लिहू नये, तेही सांगतो. 'दर पंधरवड्याला एक पत्र. त्यात बागेची हालहवाल, मोहराची बातमी आणि पेटीचा भाव.' असला मजकूर चुकूनही जाऊ देऊ नये. हा वाचून माणसाला समजते की काय येणार आहे आणि कितीदा येणार आहे. समजले की तो विचार करतो. विचार करून आलेले पत्ते संख्येने थोडे असतात.

फोटोवरून ऑफिसात भांडण होईल. होऊ द्यावे, आणि ते विकोपाला गेले की पुढील कथा सांगावी. २००७च्या डिसेंबरात बराक ओबामा अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी धडपडत होते आणि त्यांच्या वेबसाइटच्या पहिल्या पानाचे काम आपल्यासारखेच होते: येणाऱ्याचा ईमेल घ्यायचा. गूगलमधून प्रचारात दाखल झालेल्या डॅन सिरोकर यांनी बटणावरचे चार मजकूर, आणि वर लावायला तीन फोटो व तीन व्हिडिओ, अशा एकूण २४ जोड्या केल्या. सुमारे ३ लाख १० हजार लोकांना त्या वाटून दाखवल्या. प्रचारातल्या मंडळींचा जीव एका व्हिडिओवर जडलेला होता. निकाल लागला तेव्हा तिन्ही व्हिडिओ तिन्ही फोटोंच्या मागे पडले होते. जिंकला तो ओबामांच्या कुटुंबाचा साधा फोटो, आणि 'साइन अप'च्या जागी 'अधिक जाणून घ्या' अशा अर्थाचे बटण. जुन्या पानावर शंभरातले ८.२६ लोक पत्ता देत होते, नव्यावर ११.६ देऊ लागले. म्हणजे ४०.६ टक्के वाढ. सिरोकर यांच्या हिशेबाने तेवढ्या फरकातून पुढे २८ लाख ८० हजार जादा पत्ते आले आणि त्या पत्त्यांमागून ६ कोटी डॉलर.

मार्केटिंगच्या कार्यशाळांना ही कथा फार प्रिय आहे. सांगताना पानाच्या मागे ओबामा उभे होते हा तपशील वगळावा; शिकणाऱ्यांचा हिरमोड होतो.

आपल्या पानावर दिवसाकाठी चाळीसेक लोक येतात, त्यांतले बरेचसे ऑफिसातलेच. म्हणून खचू नये. ए/बी टेस्ट, म्हणजे एकाच गोष्टीची दोन रूपे लोकांना वाटून दाखवून मोजणे, लावावीच. मंगळवारी केशरी बटण सात जणांनी दाबले आणि हिरवे पाच जणांनी, तर अहवालात 'केशरी ४० टक्क्यांनी सरस' असे लिहावे. सातातून पाच गेले दोन. दोनाला पाचाने भागून शंभराने गुणावे. आकडा जवळपास ओबामांचाच येतो. त्या सातांपैकी दोघे ते बटण चालते की नाही हे बघायला बसलेले टेस्टिंगवाले होते, ही गोष्ट त्यांच्यापाशीच राहील.

बटणावर 'पाठवा' असे लिहिणे हे सरकारी फॉर्मचे लक्षण. त्यावर 'हो, मला अस्सल हापूस हवा!' असे असावे. दाबल्यावर हापूस येत नाही, ईमेल येतो, हे माणसाला पुढे कळतेच.

आता फॉर्म. इथे घाई करू नये. आपली खरी कमाई इथे आहे. ईमेलसाठी एकच चौकोन ठेवावा, बाकी काही विचारू नये, असे एक मत आहे. ते बरोबर आहे, म्हणूनच कुठल्या कमिटीत टिकत नाही. विक्रीवाल्यांना मोबाइल नंबर लागतो, कुरिअरवाल्यांना पिनकोड, मालकांना आडनाव, आणि कोणाला तरी वाढदिवस लागतो, कारण मागच्या कंपनीत वाढदिवस घेत होते. सगळे चौकोन घ्यावेत आणि प्रत्येकापुढे लाल फुली काढून ते सक्तीचे करावेत. एखादा चौकोन चुकला तर आधीचे सगळे पुसले जावेत. एवढे सोसून ज्याने पत्ता दिला, तो घरी जेवायला बोलावण्याच्या लायकीचा माणूस आहे.

या टप्प्यावर महाराष्ट्रातल्या ईमेल आयडीचे समाजशास्त्र समजून घेतले पाहिजे. परदेशी पुस्तकांत ते सापडणार नाही. हापूसच्या पेट्या मागवणारी आणि आप्तेष्टांत वाटणारी पिढी साठीच्या पुढची आहे. त्यांचा आयडी बँकेच्या नाहीतर पॅनच्या कामासाठी भाच्याने काढून दिलेला असतो. पासवर्ड सुनेच्या वहीत असतो. इनबॉक्स उघडतो तो भाच्याच्या फोनवर, आणि भाचा पुण्याला असतो, त्याला आंबा चालत नाही. ज्यांचा आयडी सायबर कॅफेवाल्याने काढला, त्यांची पत्रे आजही त्या कॅफेवाल्याकडेच जात असतील. राहिले ते लोक ईमेलच्या चौकोनात मोबाइल नंबर लिहितात आणि 'व्हॉट्सॲपवर टाका ना' असे मनात म्हणतात. चौकोनाला 'हा ईमेल आहे' असे कोडमध्ये सांगून ठेवले तर फोनचा कीबोर्ड आपोआप ॲटचे चिन्ह पुढे करतो, पहिले अक्षर मोठे करत नाही आणि नंबर लिहिणाऱ्याला वेळीच थांबवतो. एका शब्दाचे काम आहे. ते करायचे राहून जाते, कारण डिझायनर लॅपटॉपवर बघत असतो आणि लॅपटॉपवर फरक दिसत नाही.

पॉप-अपवाचून पान पुरे होत नाही. माणूस येऊन तीन सेकंद झाली की पान काळवंडावे आणि मधोमध खिडकी उघडावी. त्याने अजून पहिली ओळ संपवलेली नसते, हीच योग्य वेळ: वर्गणी मागायला आलेली मंडळी दाराची साखळी निघायच्या आत पावतीपुस्तक उघडतात, तसे हे आहे. ज्या पानाचा उद्देशच ईमेल मागणे हा आहे, त्या पानावर ईमेल मागणारी खिडकी कशाला, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याला ब्रँडिंग कळत नाही. खिडकी बंद करायची फुली पांढऱ्यावर फिक्या राखाडी रंगात काढावी आणि तिचा आकार असा असावा की अंगठ्याने दाबायला गेले असता शेजारचे केशरी बटण दाबले जाईल. वर फिरते चाक लावावे. चाकावर ५ टक्के, १० टक्के, २० टक्के आणि 'एक पेटी मोफत' असे भाग रंगवावेत. थांबावे ते नेहमी १० वर. कोपऱ्यात उलटी मोजणी चालू ठेवावी: ऑफर संपायला ०९ मिनिटे ५९ सेकंद. पान पुन्हा उघडले की ती पुन्हा ०९:५९ वरून सुरू व्हावी. वेळ कोणासाठी थांबत नाही, आपल्यासाठी थांबते.

नकार देणाऱ्याचा मान राखावा, पण स्वस्तात राखू नये. 'नको' असे कोरडे बटण देण्याऐवजी त्याच्याकडून कबुली घ्यावी. 'नको, मला हापूस म्हणून कोणताही आंबा चालतो.' देवगड-रत्नागिरीच्या माणसाचे बोट या बटणावर जाणारच नाही. २०१८ साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यासाठी किती वर्षे कागद फिरले, हे त्याला ठाऊक असते.

मात्र इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. असल्या युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' हे नाव हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० साली दिले. त्यांचा हेतू असा की, नावानिशी चव्हाट्यावर आणले की लोक लाजतील. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि सोबत १३ प्रकारांची यादी जोडली. खोटी घाई, कबुलीची लाज, सक्तीची कृती, फसवा प्रश्न, सततची भुणभुण. सगळे व्याख्या आणि उदाहरणांसकट. विमान तिकिटासोबत विमा न घेणाऱ्याकडून 'मी असुरक्षित राहीन' असे वदवून घेणे हे त्यातलेच एक उदाहरण, आणि खरेदी करायची तर आधी न्यूजलेटर घेतलेच पाहिजे अशी अट घालणे हे दुसरे. यादी बंदीची आहे. ती मन लावून वाचावी. इतकी नेटकी अनुक्रमणिका विनामूल्य मिळाल्यावर आपल्या पानावर कोणता प्रकार राहून गेला, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

आधीच टिक केलेला चौकोन ही सुंदर वस्तू होती. माणसाने काहीच केले नाही तरी त्याने होकार दिला, असे धरायचे. जर्मनीतल्या प्लॅनेट४९ नावाच्या कंपनीने बक्षीस-योजनेच्या पानावर तसा चौकोन ठेवला होता. खटला चढत चढत युरोपीय न्यायालयात गेला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल आला की गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडच्या २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही संमती स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते. शिवाय ती साध्या, स्वच्छ भाषेत मागावी आणि वाचणाऱ्याला इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कोणतीही निवडता यावी. मराठी त्यांत आहे. म्हणजे मजकूर मराठीत लिहिणे आले. घाबरू नये. 'विदा-धारकाने प्रदान केलेली उपरोक्त संमती तदनुषंगिक प्रयोजनार्थ अन्यथा सूचित न केल्यास ग्राह्य धरण्यात येईल' हेही मराठीच आहे, आणि हे वाचायला जो थांबेल त्याला पत्र न पाठवलेलेच बरे.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे: संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती परत घेता आली पाहिजे. हे पाळण्याचा एक सरळ उपाय म्हणजे पत्ता देणेही तितकेच अवघड करून ठेवणे. लाल फुल्यांचे चौकोन आपण वर योजले आहेत, त्यांचे कायदेशीर समर्थन असे आयते हाती येते. पुतण्याला हे पटत नाही, पण त्याने वकिलाशी बोलावे.

एवढे करूनही पत्ते कमी पडले, तर मागच्या हंगामांत ज्यांनी पेट्या मागवल्या त्यांचे पत्ते बिलांवर आहेतच. त्यांना विचारले नव्हते, हे खरे. या परंपरेचा उगम जुना आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे गॅरी थुर्क यांनी कंपनीच्या नव्या संगणकांचे प्रात्यक्षिक बघायला या, असे निमंत्रण आर्पानेट या तेव्हाच्या संगणक-नेटवर्कवरच्या सुमारे ४०० लोकांना एकदम धाडले. पत्ते इतके झाले की ते पत्त्याच्या जागेत मावेनात आणि उरलेले खाली पत्राच्या मजकुरातच सांडले. लोक भडकले, नेटवर्क सांभाळणाऱ्या खात्याने कंपनीला समज दिली, आणि संगणकही खपले. दर वेळी शेवटची बाब तेवढी लक्षात राहते, म्हणून तर आज आपण इथे आहोत.

पत्ता आल्यावर 'हा तुमचाच ना?' असे विचारणारा खात्रीचा ईमेल पाठवण्याची एक पद्धत आहे. तिला डबल ऑप्ट-इन म्हणतात. तिच्यामुळे जीमेल डॉट कॉन असे लिहिणारे गळतात, दुसऱ्याच्या नावाने फॉर्म भरणारे गळतात, फॉर्म भरत फिरणारे बॉट गळतात. थोडक्यात, बेरीज गळते. हिरव्या बाणाचा विचार करता ही पद्धत न वापरणे इष्ट.

पत्रे किती जण उघडतात, याचा आकडा मात्र रोज बघावा. त्यासारखे सुख नाही. पत्रात एक अदृश्य चित्र असते, ते उतरवले गेले की पत्र उघडले असे समजतात. २०२१पासून ॲपलने आपल्या मेलमध्ये अशी सोय केली की माणसाने पत्र पाहो न पाहो, चित्रे आधीच परस्पर उतरवली जातात. त्यामुळे आयफोनवाल्या गिऱ्हाइकांत आपला वाचकवर्ग एका रात्रीत वाढला. उघडणारा माणूस नाही, यंत्र आहे, ही गोष्ट खरी. पण यंत्राने नियमित वाचावे हेही काही थोडे नाही.

सोडून जाणाऱ्यांसाठीची लिंक पूर्वी पत्राच्या तळाशी, पार्श्वभूमीच्याच रंगात लिहिण्याची प्रथा होती. ती दाबल्यावर लॉग-इन मागावे, कारण विचारावे, कारणांत 'इतर' नसावे, आणि शेवटी 'तुमची विनंती दहा दिवसांत विचारात घेतली जाईल' असे म्हणावे, हा शिष्टाचार होता. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने त्यात विघ्न आणले. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे जीमेलवर पाठवणाऱ्याला एका क्लिकमध्ये सोडण्याची सोय द्यावी लागते, आणि हजारातल्या तिघांनी जरी 'स्पॅम' दाबले तरी पुढची पत्रे अडू लागतात. ज्याला सोडायची लिंक सापडत नाही तो चिडून स्पॅमच दाबतो, असे गूगलच्या लक्षात आलेले दिसते. आपण मात्र दिवसाला ४,९०० पत्रे पाठवावीत.

सर्वांत शेवटी पत्र. हे काम शेवटच्या संध्याकाळसाठी राखून ठेवावे आणि इंटर्नला द्यावे. इथेही ओबामांचे नाव निघेल. २०१२च्या प्रचारात त्यांची माणसे एकेका पत्राच्या अनेक आवृत्त्या करून थोड्या लोकांवर आजमावत. 'माझ्यापेक्षा जास्त खर्च होणार आहे' अशा अर्थाच्या साध्या विषयओळीच्या एका पत्राने २६ लाख डॉलर जमवले. नुसते 'हेय' म्हणणाऱ्या, ओळखीच्या माणसाने घाईत खरडल्यासारख्या विषयओळी उत्तम चालल्या. आणि देखण्या मांडणीपेक्षा ओबडधोबड पत्रेच लोक मनावर घेत, असे त्यांना आढळले. हे ऐकून डिझायनर दुखावतो, म्हणून त्याच्यासमोर बोलू नये.

आपल्या काकांचा प्रकार थोडा तसाच आहे. ते पुतण्याला रोज सकाळी बागेतून व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवतात. 'औंदा मोहर उशिरान इलो.' थंडी रेंगाळली, पहिल्या मोहराची अर्धी कैरी गळाली, तुडतुड्यांवर फवारणी झाली पण मध्येच ढग आले. खालच्या कुंपणाकडची कलमे या खेपेला विश्रांती घेणार, झाड एक वर्ष भरभरून देते आणि दुसऱ्या वर्षी हात आखडते, त्यात झाडाचा दोष नाही. एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत पेटी मागू नका. आतून साका झालेले फळ बाहेरून कळत नाही, निघाले तर फोटो पाठवा, मी दुसरे देतो. मागे वानर हाकलणाऱ्या गड्याची आरोळी ऐकू येते. पुतण्याने हे निरोप एकदा मीटिंगमध्ये वाजवले होते. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि एकीने विचारले, मग किती डझनाची पेटी मिळेल? तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिले. निरोपात मथळा नाही, ऑफर नाही, 'आत्ताच मागवा'चे बटण नेमके कोणत्या वाक्यानंतर बसवायचे हे कोणालाच सांगता येईना. ते वगळावेत.

पत्राचा विषय 'तुमची आठवण आली!' असा ठेवावा. खाली आंब्याचा विकतचा फोटो. फळ हापूससारखे दिसले म्हणजे झाले. मायना 'प्रिय पहिले_नाव' असा भरून ठेवलेला असतो, त्या जागी पत्र सुटताना खरोखर नाव येते की नाही हे कोणाला तरी तपासायला सांगावे. कोणाला, ते पुढच्या मीटिंगमध्ये ठरवू.